युफोनियमचं बूच

आमच्या बँडमध्ये युफोनियम वाजवणारा माझा दीर नोकरीसाठी पुण्याला गेला आणि ते पोटाशी धरून फुंकायचं जाडजूड पितळी वाद्य माळ्यावर गेलं. "मी वाजवते," मी म्हणाले. नवरा हसला. बँडमास्तर असलेले मामंजी मात्र हसले नाहीत. "लग्नसराईच्या आत जमलं तर बघू, न्हाई तर बाहेरून माणूस आणतो. पण आवाज गल्लीत जायला न्हाई पाहिजे. लोक नावं ठेवत्यात."

म्हणजे शिकायचं, तेही चोरून! मला असा राग आला, की वाटलं, ते उचलावं आणि चौसाळ्याच्या भर बाजारात जाऊन फुंकावं. पण हट्ट माझा होता, मग तोंड मिटून कामाला लागले.

आवाज दाबायला आधी भोंग्यात टॉवेल कोंबला. खालचे सूर उमटेचनात, नुसते गाल दुखायचे. मग नवऱ्यानं मोबाईलवरून म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं तयार बूच, मागवलं. पठ्ठ्यानं माप न बघता ट्रम्पेटचं मागवलं! ते भोंग्यात गडप झालं. दोघांनी वाद्य उलटं करून हलवलं तेव्हा कुठे बाहेर पडलं. शेवटी मीच जाड पुठ्ठ्याचा शंकू केला आणि कडेनं जुन्या चपलेच्या रबराच्या पट्ट्या चिकटवल्या, मध्ये हवा जाईल एवढ्या फटी ठेवून. हे बूच झकास बसलं. फक्त त्यानं सूर चढायचा, म्हणून तो उतरवायला सूर जुळवायची नळी मी बरीच बाहेर ओढून ठेवली आणि रोज तशीच वाजवत राहिले.

लग्नसराई तोंडावर आली. मामंजींनी सगळा बँड अंगणात उभा केला. "काढ ते बूच," ते म्हणाले.

मी बूच काढून फुंकलं. बँड एकीकडे, माझा सूर उतरून भलतीकडे. क्लॅरिनेटवाल्या काकांनी मान हलवली. मामंजींनी खाली बघितलं. मला रडूच फुटणार होतं. इतके दिवस गाल फुगवले ते यासाठी? आणि मग लख्ख प्रकाश पडला: बूच निघालं, नळी मात्र तशीच बाहेर!

ती आत ढकलली आणि कुणाला न विचारता पुन्हा फुंकलं. बुचाशी झुंजून कमावलेला दम एकदम मोकळा सुटला. सूर नेमका बसला. गल्लीतली दारं उघडली, बायका ओट्यावर आल्या. मी थांबले नाही. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.

गाणं संपलं. मामंजींनी खिशातून मोबाईल काढला आणि सगळ्यांसमोर टेलरला फोन लावला. "बँडचा आणखी एक कोट शिवायचा हाय," ते म्हणाले. "माप घ्यायला बाईमाणूस हाय का तुमच्याकडं?"