राळ भरलेला रेडिएटर

बासष्ट साली माझी पोस्टिंग उत्तरेकडच्या डोंगरात, एका फॉरवर्ड वर्कशॉपमध्ये होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. सकाळी पीटी, मग हजेरीचं फॉलिन, मग दिवसभर गाड्या. फौज म्हटलं की लोकांना बंदूक दिसते. माझ्या हातात नोकरीभर पाना होता. त्या उंचीवर इंजिन पहाटे थंडीने अडून बसायचं आणि दुपारी चढावर उकळायचं. दोन्ही दुखण्यांवर इलाज करणं ही माझी ड्यूटी.

त्याच युनिटमध्ये लान्स नाईक गोविंद तांडेल ड्रायव्हर होता. मालवणचा, आमच्याच वाडीतला. त्याचे कान मोठे होते. फौजी कटिंग झाली की ते आणखी मोठे दिसत, आणि थंडीत सगळ्यांत आधी तेच लाल होत. वारा सुटला की आम्ही त्याला स्टिअरिंग घट्ट धरून बस म्हणून सांगायचो, नाहीतर उडशील. तो हसायचा. त्याने घरी एक मोटार घेऊन ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, अमेरिकन, गोव्याच्या एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, विकायला काढलेली. नोकरी संपली की ती मालवण-कणकवली भाड्याने फिरवायची असा त्याचा बेत होता. तोवर धाकटा भाऊ रामा ती सांभाळत होता. रामाचा खरा धंदा मासेमारीचा.

लढाई सुरू झाली. गोविंद वरच्या पोस्टवरून जखमींना खाली आणत होता. एका दुपारी मधल्या चेकपोस्टच्या वायरलेस सेटवरून त्याचा आवाज आला. वर्कशॉपच्या सेटवर मी होतो.

"गाडी उकळतेय. ओव्हर."

"थांब. थंड होऊ दे. ओव्हर."

"थांबता येत नाही. मागे जखमी आहेत. ओव्हर."

"पाणी आहे? ओव्हर."

"माझी बाटली आहे. आउट."

स्वतःची पाण्याची बाटली रेडिएटरमध्ये रिकामी करून त्याने ती खेप पुरी केली. गाडीतले सगळे जिवंत पोचले. पुढच्या खेपेला वर जाताना रस्त्यावर तोफेचा गोळा पडला. त्या खेपेवरून तो परत आला नाही.

काही वर्षांनी मी पेन्शनवर गावी आलो. गोविंदाच्या आईला मी काकी म्हणतो. तिला भेटायला गेलो, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले. युनिटने पाठवलेला गोविंदाचा युनिफॉर्ममधला फोटो भिंतीवर होता. तो आला तेव्हाच तिची नजर गेल्यात जमा होती, त्यामुळे तो तिने कधी धड पाहिलाच नव्हता. रोज पदराने काच पुसायची, एवढंच. मिरजेच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचा दिवस दिला होता आणि आता उशीर केलात तर उरलेलीही नजर जाईल असं बजावलं होतं.

अडचण एकच होती. काकीला येष्टीने जायचं नव्हतं.

"माज्या गोयंदाच्या गाडयेन जातलंय," ती म्हणाली. "नायतर नाय."

आणि गोविंदाची गाडी मालवणच्या बाहेरचा पहिला चढसुद्धा चढत नव्हती. अर्ध्यात पोचली की बोनेटमधून वाफ. कणकवलीच्या एका मेकॅनिकने इंजिनाचं हेड गेलं असं सांगितलं होतं, भंगारात काढा म्हणाला होता. रामाने मला ती मांगरात, घराबाहेरच्या शेडमध्ये, दाखवली तेव्हा तिच्या टपावर जाळी वाळत घातली होती. मला राग आला. मेलेल्या माणसाच्या वस्तूची अशी दशा मला बघवत नाही.

हेड गेलं हे बोलायला सोपं. फौजेतली शिकवण अशी, की आधी स्वस्तातलं तपासा. पाण्याची लेव्हल बरोबर होती. फॅन बेल्ट ताठ. टायमिंग ठीक. होज पाइप चेपलेला नव्हता. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकला, तो वेळेवर उघडला. इंजिन चालू ठेवून रेडिएटरचं झाकण काढून पाहिलं, बुडबुडे येत नव्हते. म्हणजे हेड शाबूत. मग इंजिन चांगलं तापू दिलं, बंद केलं आणि रेडिएटरवर जाडसर फडकं धरून हात फिरवला. वरचा भाग चटका देणारा, खाली मात्र मोठमोठे पट्टे थंड. ज्या नळ्यांतून पाणी फिरतं त्या नळ्याच बुजल्या होत्या.

रेडिएटर उतरवला. खालच्या तोंडात तार घातली, तर तारेला तपकिरी चिकट गोळा लागून आला. मी तो नाकाशी धरला. हा वास मला लहानपणापासून माहीत होता. पावसाळ्याआधी होड्या वर ओढतात तेव्हा सगळ्या किनाऱ्याला हाच वास असतो.

"रामा, आत काय घातलंस?"

रामा जमिनीकडे बघत होता. "राळ."

"कित्याक?"

"खालसून गळत होता. तेलात राळ कढयली, त्यात कापूस पिंजून घातलो आणि वरसून ओतलंय. होडयेक भरतव तशी."

होडीच्या फळ्यांमधल्या फटी आमच्याकडे अशाच बुजवतात. तिथे ते काम चोख होतं. गळती खरंच थांबली होती, फक्त तिच्याबरोबर सगळंच थांबलं होतं.

"अरे, होडयेचा पाणी भायर ऱ्हवाक व्हया," मी म्हटलं. "हेचा आत फिराक व्हया."

तो एकदम कळवळून म्हणाला, "दादाची गाडी. दुसऱ्याच्या हातात देवचा जीवावर इला माका. म्हणान माझ्याच हातान केलंय."

माझा राग तिथेच उतरला. फौजेत मी गळक्या रेडिएटरमध्ये कणीक घातलेली पाहिली आहे, हळद घातलेली पाहिली आहे. जो तो आपल्या घरची विद्या वापरतो. आणि रामाने ती प्रेमापोटी वापरली होती, हे मला त्याच्या तोंडावर दिसत होतं.

राळ नुसत्या पाण्याला दाद देत नाही. धुण्याच्या सोड्याला देते. पेजेच्या मोठ्या टोपात सोड्याचं पाणी उकळलं, रेडिएटरमध्ये भरून ठेवलं, पुन्हा उकळलं, पुन्हा भरलं. मग चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवर, पाण्याचं पिंप चढवलं आणि त्याची नळी रेडिएटरच्या खालच्या तोंडाला जोडली. पाणी उलटं सोडायचं, म्हणजे अडकलेलं आल्या वाटेने परत जातं. आधी थेंब थेंब आलं. मग तपकिरी फेस, कापसाचे बोळे, आणि शेवटी स्वच्छ पाणी. रामा विहिरीवरून पाणी ओढून थकत नव्हता. खालची चीर कथलाने डाकून घेतली. काकी खळ्यात, म्हणजे अंगणात, बसून सगळं ऐकत होती आणि मधूनमधून विचारत होती, "चढतली मा रे?"

"चढतली," मी म्हणायचो. खात्री मलाही नव्हती.

ठरल्या दिवशी सकाळी निघालो. स्टिअरिंग मी घेतलं, रामा शेजारी, काकी मागे. कणकवलीपर्यंत गाडी शहाण्यासारखी आली. फोंडा घाट लागला तसा माझा कान इंजिनाकडे लागला. अर्ध्या घाटात, एका वळणावर, मी मुद्दाम गाडी बाजूला घेतली. बोनेट उघडून फडक्यावरून हात फिरवला. वरपासून खालपर्यंत सारखा गरम. वाफ नाही. मला जितका आनंद झाला तितका माझ्या प्रमोशनलाही झाला नव्हता.

काकीने खिडकीतून पाण्याची बाटली पुढे केली. "गाडयेक घाल."

"नको काकी. गाडयेक पाणी पुरे आसा."

मग मला राहवलं नाही. त्या दुपारी गोविंद सेटवर काय बोलला आणि त्याने स्वतःची बाटली कुठे रिकामी केली, ते मी तिला तिथे उभ्या उभ्या सांगितलं. तो कसा गेला याबद्दल तिला आजवर फक्त तार मिळाली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. बाटली परत मांडीवर ठेवली.

"तेका तान लागली आसतली," ती म्हणाली.

मी गाडी चालू केली. 

ऑपरेशन नीट झालं. पट्ट्या सुटल्या, चष्मा मिळाला, आणि त्याच गाडीने तिला घरी आणलं. ओटीवर पाय ठेवल्याबरोबर ती भिंतीकडे गेली आणि फोटोसमोर उभी राहिली. रामा आणि मी मागे. 

"कान मोठे दिसतत रे तेचे," ती म्हणाली.

"मोठेच होते काकी," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.

आमच्याकडे लांबून आलेल्या माणसाला आधी पाणी देतात. काकी आत गेली, तांब्याभांडं घेऊन आली. आम्ही हात पुढे केला. ती आमच्यावरून तशीच पुढे गेली, भांडं काठोकाठ भरलं आणि फोटोखालच्या फळीवर ठेवलं. आम्हांला पाणी त्यानंतर मिळालं.