धुकं नाही, भोंगा नाही

कडक मावशीला तिच्या खऱ्या नावाने शहरात कुणी हाक मारत नसे. तिच्या हातची खळ अशी, की इस्त्री केलेला सदरा जमिनीवर ठेवला तर मालकाची वाट बघत उभा राहील. आणि हे समुद्राकाठच्या अशा शहरात, जिथे वर्षातले पाच महिने धुकं घरजावयासारखं मुक्काम ठोकून असतं. दारं फुगतात, मिठाला पाणी सुटतं, चादर सुकायला तीन दिवस घेते. धुक्यात माणसं खाकरत चालतात. समोरून कुणी खाकरलं की आपणही खाकरायचं, म्हणजे डोकी आपटत नाहीत. कुणाचं खाकरणं कसं, हे तिथे चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ.

पण धुक्याचा काही नेम नाही. बंदरावर आपलीच बोटं आपल्याला दिसू नयेत, आणि त्याच वेळी बाजारात लख्ख ऊन. म्हणून पाण्यावर धुकं होतं की नव्हतं हे ठरवायला बंदराने एक पगारी माणूस ठेवला होता. सगळे त्याला धुकंसाहेब म्हणत. रोज सकाळी सहा ते दहा ऑफिसच्या खिडकीत उभं राहायचं, समोरची पाण्याची टाकी दिसते का बघायचं, नाही दिसली तर भोंगा वाजवायचा, आणि काय ते छापील तक्त्यावर लिहून सही ठोकायची. काम एवढंच. तेवढंही मेल्याच्या जिवावर यायचं.

मावशीचा नवरा तेव्हा खाडीत प्रवासी लाँच चालवायचा. अकरा वर्षांमागे एका सकाळी पाण्यावर धुकं उतरलं आणि भोंगा वाजलाच नाही. भोंग्याच्या आवाजावरून धक्का कुठे ते ओळखणारा माणूस तो. लाँच धक्क्यावर जाऊन आदळली. सतरा माणसं जखमी झाली, एका मास्तरांचा पाय गेला. प्रवासी वाफ धरलेल्या काचा लावून आत बसलेले, त्यांना बाहेरचं काय ठाऊक? लोक धावून येईपर्यंत धुकं विरलं, आणि बाजारात तर ऊनच होतं. चौकशीत धुकंसाहेबाचा तक्ता वाचला गेला : "स्वच्छ. धुकं नाही. भोंगा वाजवला नाही."

झालं. धुकं नव्हतं तर एवढा मोठा धक्का दिसला कसा नाही? परवाना गेला आणि वर नाव पडलं, आंधळा. तेव्हापासून तो धुक्यात बाहेर पडेनासा झाला. तो खाकरला की पलीकडून उत्तर यायचं, "सरका रे, आंधळा आला!"

मावशीने सूड मनात ठेवला नाही, खळीत ठेवला. धुकंसाहेबाचे कपडे धुलाईला तिच्याकडेच यायचे. शेजारीण म्हणायची, "घेतेस कशाला त्या माणसाचे?"

"वैऱ्याची मान आपल्या हातात नसली तर निदान कॉलर तरी असावी," मावशी म्हणे.

आणि कॉलर ती अशी करायची, की साहेबाच्या मानेवर बारा महिने लाल पट्टा.

"मावशी, जरा टोचते हो."

"साहेब, माणूस ताठ दिसतो."

कपडे भिजवण्याआधी खिसे उलटे करायची तिची रीत होती. निघेल ते डब्यात, आणि घडीबरोबर परत. चिल्लर, तिकिटं, अर्धी खाल्लेली गोळीसुद्धा. अकरा वर्षांत साहेबाची काडीही तिने ठेवून घेतली नव्हती.

एका सोमवारी साहेबाच्या सदऱ्यातून घडी केलेला कागद निघाला. मावशीचं शिक्षण दुसरीपर्यंत. अक्षरं अडखळायची, पण आकडे पक्के. तारीख बघून तिच्या भुवया वर गेल्या. ती नवऱ्याकडे गेली.

"वाचा."

त्याने वाचलं. "तेच शब्द. चौकशीत वाचले तेच."

"शब्द राहू द्या. तारीख?"

"येत्या शनिवारची."

"आणि आज?"

"सोमवार..." त्याने तारीख पुन्हा वाचली. मग म्हणाला, "म्हणजे हा घरी बसून आधीच भरून ठेवतो?"

"खिडकीत उभा राहतो कोण! पलंगावरूनच टाकी दिसत असेल त्याला."

"फाडून टाक," नवरा म्हणाला. "शनिवारी तो निवृत्त होतोय. धक्क्यावर सत्कार आहे. संपलं एकदाचं."

"त्याचं संपेल. तुमच्या नावाचं काय?"

"आणि शनिवारी ऊन पडलं तर? मग हाच कागद खरा ठरेल."

हे मात्र मावशीला लागलं. ऊन पडलं तर वैरी हार घालून घरी जाणार, आणि आंधळा हे नाव घरात कायमचं राहणार. मंगळवारी साहेब दारात आला. "मावशी, खिशात काही कागद होता का हो?"

"दात कोरायची काडी होती. ही घ्या."

त्याने दुसरा तक्ता भरला असणार. त्याला काय, शाई बंदराची.

मंगळवार, बुधवार, गुरुवार कडकडीत ऊन. तासाभरात चादरी खडखडीत. गिऱ्हाईकं खूश, आणि मावशी आयुष्यात पहिल्यांदा उन्हाला शिव्या घालत होती. ती सारखी वाळतीच्या दोरीला हात लावून बघायची. सुती दोरी कोरड्या हवेत सैल पडते, धुकं यायचं असलं की ओल पिऊन ताणते. दोरी आपली म्हशीसारखी पोट सोडून लोंबत होती.

शुक्रवारी संध्याकाळी तिने दोरीवर बोट मारलं. दोरी तुणतुण्यासारखी वाजली.

"ये बाबा," मावशी समुद्राकडे बघून म्हणाली. "पाहुण्यासारखं लाजू नकोस. सगळं गाव घेऊन ये."

आणि आलं! शनिवारी नऊ वाजता धक्क्यावर मांडवाचे खांबसुद्धा दिसेनात. कार्यक्रमापायी लाँचा त्या दिवशी बंदच होत्या, म्हणून भोंगा वाजला नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक खाकरत खाकरत आपली खुर्ची शोधत होते. कुणी तरी दुसऱ्याच्याच बायकोशेजारी बसलं आणि भाषणं संपेपर्यंत दोघांना कळलं नाही. बंदराचे मोठे अधिकारी माईकवर सांगत होते, "यांच्या डोळ्यांवर हे बंदर तीस वर्षं विसंबून होतं."

तेवढ्यात मावशी साहेबाचा कोट हँगरला लावून मंचावर चढली. कोट तिने मुद्दाम उशिरा आणला होता. दुसऱ्या हातात तो कागद, हलकी खळ देऊन, इस्त्री फिरवून.

"खिशात निघालं ते परत करते मी," ती मोठ्या अधिकाऱ्यांना म्हणाली. "पण हे सरकारी दिसतंय, म्हणून तुमच्या हातात."

त्यांना वाटलं मानपत्र. त्यांनी माईकवरच वाचायला घेतलं. "आजची तारीख. सकाळी सहा ते दहा. स्वच्छ. धुकं नाही. भोंगा वाज..."

त्यांनी कागदावरून मान वर केली. धुक्यात कुणाचा चेहरा दिसेना. मग मागच्या रांगेतून कुणी तरी खाकरलं. त्याला दुसऱ्याने उत्तर दिलं. मग तिसरा, मग बायका, मग सगळा धक्का खाकरायला लागला. मास्तरांच्या कुबडीचा ठक ठक आवाज त्यात होता. साहेब तोंड उघडून उभा होता, मानेवर लाल पट्टा.

"असंच होतं त्या दिवशीही," मावशी म्हणाली. माईक चालू होता.

पुढे चौकशी पुन्हा उघडली. जुने तक्ते काढले, तर शहराने आठ आठ दिवस धुकं खाल्लेलं आणि तक्त्यावर ‘स्वच्छ’! परवाना टपालाने परत आला. नवऱ्याचं वय आता लाँच चालवायचं राहिलं नव्हतं, पण पहिल्याच धुक्यात तो चहापत्ती आणायला म्हणून निघाला आणि गल्लीत चांगलं खणखणीत खाकरला. पलीकडून आवाज आला, "या काका, या, उजवीकडून या."

चहापत्ती घरात होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी ती अंगणात ओल्या चादरी टाकत होती. धुकं दाट. गल्लीतून ओळखीचं खाकरणं आलं. धुकंसाहेब. पुन्हा खाकरला, जवळून, जरा घाबरून. "कोण आहे का?"

मावशी तीन हातांवर उभी होती. घसा साफ होता तिचा. एक हुंकार पुरला असता.

ती गप्प राहिली.

साहेब थेट दोरीत शिरला. दोन ओल्या चादरी डोक्यावर आणि चिमटे पायाखाली. मावशीने सावकाश चादरी उचलल्या, झटकल्या, आणि पुन्हा धुवायला टाकल्या.