बर्फाच्या गाडीतला फणस

चिंतामणी आगाश्यांच्या कपाळावर दोन आठ्या कायमच्या असत. तिसरी पडायची ती गाडी भरायच्या दिवशी.

रत्नागिरीच्या औद्योगिक वसाहतीत कोळंबी गोठवून बोटीनं परदेशी धाडणारा एक कारखाना होता. तिथे माल भरून रवाना करण्याची सगळी जबाबदारी या गृहस्थांवर होती. जन्मात कधी त्यांनी कोळंबी तोंडात घातली नव्हती. मुंबईतली औषधकंपनीतली नोकरी सोडून ते गावी आले, कारण वडील गेल्यावर बाग आणि आई दोन्ही एकट्या पडल्या. गावात बी.एस्सी. माणसाला मिळाली ती ही नोकरी. आईनं एकच अट घातली : नोकरी कर, पण त्या कपड्यांनी घरात पाऊल टाकायचं नाही. तेव्हापासून पंचेचाळीस वर्षांचा हा बाप्या रोज संध्याकाळी मागच्या दारी विहिरीवर आंघोळ करी, आणि मगच त्याला चहा मिळे. थंडीतसुद्धा. यावर त्यांनी आईशी वाद घालून पाहिला होता. पण आगाश्यांच्या घरात आईशी वाद घालून कोणी जिंकल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं.

आईचं एक वेळ सोडा. त्यांचा खरा संताप होता तो गाठोड्यांवर. कोकणातल्या माणसाला मुंबईकडे तोंड केलेलं वाहन दिसलं की त्याच्या हातात आपोआप गाठोडं येतं. घरटी एक माणूस मुंबईला, त्यामुळे त्याला कोकम, त्याला तांदूळ, त्याला सुके बांगडे. आणि कारखान्याची बर्फाची गाडी म्हणजे तर पर्वणीच. एस.टी.त नासणारी वस्तू हिच्यात नासत नाही, एवढं शास्त्र अख्ख्या पंचक्रोशीला पाठ झालं होतं. आतली थंडी कोळंबीसाठी आहे, दुसऱ्या कशाचा वास त्या खोक्यांना लागला तर तिकडे जपानात घेणारा माल नाकारतो, हे सांगून सांगून चिंतामणींचा घसा बसला. बायका मान डोलवत. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या मे महिन्यात मात्र चेष्टा नव्हती. इतकी वर्षं कारखाना दुसऱ्यांच्या नावानं माल भरून द्यायचा. आता पहिल्यांदा स्वतःच्या नावानं बोटीवर चढवणार होता. मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं, हा माल परत आला तर पावसाळ्यानंतर कारखाना उघडायचा नाही. म्हणजे सोलणाऱ्या बायका घरी, आणि चिंतामणी पुन्हा मुंबईत कोणाच्या तरी दारात नोकरी मागायला. मग बाग कोण बघणार आणि आईला कोण? या एका विचारानं त्यांना आठवडाभर जेवण गेलं नव्हतं.

गाडी भरली. तपासणी अधिकारी खाडेसाहेबांनी खोकी पाहिली, थंडी मोजली. शेवटची रांग चढेपर्यंत चिंतामणी त्यांना घेऊन कचेरीत चहाला बसले. मग साहेबांनी येऊन, आधीच लावून ठेवलेल्या दाराला सील ठोकलं, शिवा ड्रायव्हरनं नारळ फोडला आणि गाडी सुटली. चिंतामणींनी आठवड्यातला पहिला मोकळा श्वास घेतला. तेवढ्यात सोलणाऱ्या बायकांची मुकादम तुळसा पदराला हात पुसत आली.

"चला, बरा झाला," ती समाधानानं म्हणाली. "उद्या सकाळी फणस माज्या पोराकडं, रघूकडं."

"कुठला फणस?"

"बरका. पिकलाय चांगला. दाराशीच ठेवलाय भाऊ, तुमच्या खोक्यांना धक्का नाय लागायचा."

पिकलेला बरका फणस. ज्याचा वास चार घरं सोडून पाचव्या घराला कळतो.

"आणि आणखी काय काय ठेवलंत?"

तुळसानं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. "आता सगळ्यांनीच थोडाथोडा दिलान. गाडी मुंबयलाच जाताय ना? मग जाता जाता नेलान तर काय झिजताय तिचा?"

तिला शिव्या घालण्यातही वेळ जाणार होता. चिंतामणींनी स्कूटर काढली. शिवा हातखंब्याला चहाभजी खाल्ल्याशिवाय मुंबईचा रस्ता धरत नसे, ही त्याची खोड त्या दिवशी कारखान्याच्या कामी आली. गाडी हॉटेलासमोर घरघरत उभी होती. शिवा बशीत चहा ओतत होता. चिंतामणींना बघून त्यानं तो तसाच ठेवला.

"मी नको म्हणत होतो," तो म्हणाला. ते खोटं होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता पुढे काय? सील तोडावं तर खाडेसाहेबांशिवाय ते कोणी तोडायचं नाही. दुसऱ्या कोणी तोडलं की सगळे कागद रद्द. न तोडावं तर उद्या गोदीत दार उघडल्यावर माल तपासणाऱ्या सर्वेअरच्या स्वागताला फणस. साहेबांना खरं सांगावं, तर तेच चिडून गाडी परत फिरवतील आणि बोट निघून जाईल. चिंतामणींनी हॉटेलवाल्याचा फोन उचलला आणि साहेबांना खरं ते सांगून टाकलं. साहेबांनी फोन आपटला आणि जीप काढली.

खाडेसाहेब कोल्हापूरकडचे. जीपमधून उतरले ते बोलतच उतरले. "आगाशे, माणसं हायेत का कोण ही तुमची? परदेशाला चाललेल्या मालात फणस घालत्यात? आमच्याकडं बैलगाडीत गूळ भरताना सुदिक एवढं भान ठेवत्यात."

चिंतामणींचंही नेमकं तेच मत होतं.

साहेबांनी सील तोडलं. दार उघडताच थंड धूर बाहेर आला, आणि त्यामागून फणसाचा वास. फणस, तांदळाच्या पिशव्या, कोकमाची बरणी, सुक्या मासळीचं बोचकं, एकेक करत शिवानं सगळं भराभर खाली उतरवलं. साहेबांनी आतल्या बाजूची दोन खोकी फोडून हुंगली, पुन्हा थंडी मोजली. तासाभरात तरी काही बिघडलं नव्हतं. त्यांनी कागदावर नवीन सीलचा आकडा घातला आणि बजावलं की पुढच्या खेपेला फणस दिसला तर आगाश्यांनाच खोक्यात भरून पाठवीन. गाडी गेली. जीपही गेली.

मग चिंतामणींनी त्या ढिगाकडे पाहिलं. सगळं स्कूटरवर लादून परत न्यायचं आणि बायकांच्या समोर आपटायचं, असं त्यांनी ठरवलंच होतं. तेवढ्यात त्यांना एक पितळी डबा दिसला. वरून पांढरंशुभ्र धुवट फडकं बांधलेलं. ती गाठ ते लहानपणापासून ओळखत होते.

डब्यात तांदळाचा रवा फणसाच्या रसात कालवून वाफवलेली सांदणं होती. धाकटी बहीण उमा दादरला, सातवा महिना लागलेला. तिला सांदणांचे डोहाळे लागले होते, आणि एस.टी.च्या उकाड्यात ती टिकणार नाहीत म्हणून आई आठवडाभर हळहळत होती. मुलाला विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता. म्हणून तिनं परस्पर तुळसाला गाठलं होतं. चिंतामणींना इतका राग आला की त्यांना हसूच फुटलं. मग डोळ्यांत पाणी आलं, त्याचाही त्यांना राग आला.

तेवढ्यात मुंबईची एस.टी. आली. कंडक्टरनं ढीग बघून हात झटकले. "बेवारशी सामान घेत नाय. कोणीतरी सोबत बसा."

कोण बसणार? हॉटेलवाल्याकडे स्कूटर ठेवून, घरी आणि कारखान्यात निरोप द्यायला सांगून, कारखान्याचे माल रवाना अधिकारी मागच्या सीटवर बसले. मांडीवर डबा, पायात फणस. वडखळपर्यंत शेजारच्या माणसानं दोनदा विचारलं, फणस विकायचा आहे का.

सकाळी ते आधी गोदीत गेले. सर्वेअरनं दार उघडलं, हुंगलं, थंडी मोजली आणि मान हलवली. खोकी बोटीकडे निघालेली बघून चिंतामणी तिथल्याच एका पेटीवर टेकले. मग परळला तुळसाच्या रघूच्या चाळीत सगळी गाठोडी एकदाची उतरवून, त्यालाच वाटायला सांगून, ते उमाकडे पोचले.

उमानं दारातच डबा उघडला. एक सांदण तोंडात घातलं आणि थांबली.

"दादा, ह्याला मासळीचा वास येतोय रे."

"येणारच. आमच्या गाडीत होतं, कोळंबीशेजारी."

"आईला कळलं तर?"

"अगो, तिनंच ठेवलं."

उमा बघतच राहिली. "आपल्या आईनं? कोळंबीच्या गाडीत?" तिचे डोळे भरून आले, आणि तशीच ती दुसरं सांदण खाऊ लागली.

"हो. तुझ्यासाठी चालतं तिला सगळं," चिंतामणी वैतागून म्हणाले. "दे मलाही एक."