छापलेलं पानी

उरणच्या लाँचमध्ये दुपारी ती खिडकीशी बसून कादंबरी वाचायची. बोट ओळीवरून फिरत असायचं, ओठ हलायचे आणि बाहेर खाडी चकाकत सरकायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. धक्क्यावरच्या टपरीवर ती ‘पाणी’ मागायची तेव्हा ‘ण’ मात्र फार जपून उच्चारायची, काचेचं भांडं ठेवावं तसा.

एकदा तिचं बोट एका शब्दावर थांबलं ते हलेचना. मी बघतेय हे पाहून तिनं पुस्तक माझ्याकडे वळवलं.

“शालंत बाई माजं ‘पानी’ लाल शाईनं खोडायच्या. हितं तर छापलंय, आमी बोलतो तसंच.”

धक्का आला तसं तिनं पुस्तक मिटलं.

उतरल्यावर टपरीवाल्याला मोकळ्या आवाजात म्हणाली, “दादा, पानी दे.”