केरूअप्पाने नळीवर उगवलेला सूड

केरूअप्पाशी वैर घ्यायला माणूसच असावं लागत नाही. इंदिरानगरात घर घेतलं त्या वर्षी गेटजवळच्या दगडाला त्याची ठेच लागली. दुसरा कुणी आई गं करून अंगठा चोळत पुढे गेला असता. अप्पा घरात गेला, पहार घेऊन आला आणि दगडाची खडी करूनच जेवायला बसला. साडू एका लग्नात त्याला टॉवेल-टोपी द्यायला विसरला, तर अप्पाने स्वतःच्या पोराच्या लग्नात साडूला भर मांडवात दोन टोप्या घातल्या, एकीवर एक. तो फोटो हॉलमध्ये लावलाय. पाहुण्याला चहाच्या आधी फोटो बघावा लागतो.

ओझरच्या विमान कारखान्यात त्याने जन्मभर रिव्हेट मारले. निवृत्त झाल्यावर ठोकायला काही उरलं नाही, म्हणून सोसायटीच्या मीटिंगांना जायला लागला. मीटिंगा लांबल्या आणि सोबत जिलेबीही वाढली. साखरेचं दुखणं अंगात होतंच. डाव्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली, ती ह्या गड्याने बायकोपासून लपवली. वैशाखात घरात पायमोजे घालून बसलेला नवरा पाहून उज्वलाकाकूंना संशय आला, तोवर अंगठा काळा पडला होता.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, गुडघ्याखालच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत कॅल्शियमचा चुना साठून ती दगडासारखी झालीय. साधा फुगा आत घालून फुगवून पाहिला. चुना हलला नाही. शेवटी, सडणं वर चढायच्या आत, गुडघ्याखाली पाय काढायचं ठरलं.

अप्पा रडला नाही. त्याने फक्त विचारलं, "कुठली नळी? नाव सांगा तिचं."

शत्रू सापडला होता.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी वरच्या मजल्यावरची पल्लवी भेटायला आली. ही पोरगी इंजिनिअर, अंबडला रक्ताच्या नळ्या उघडायचे फुगे बनवणाऱ्या कंपनीत. तिने सांगितलं ते असं : केसासारख्या तारेवर बारीक फुगा चढवायचा, तो बंद झालेल्या जागी नेऊन त्यात खारट पाणी भरायचं आणि आत विजेची ठिणगी पाडायची. ठिणगीने पाण्यात क्षणभर बुडबुडा होतो, त्याचा धक्का चहूकडे जातो. मऊ भिंत हलते आणि पुन्हा जागेवर येते. कडक चुना मात्र तडकतो.

"असे फुगे आता पुष्कळ ठिकाणी वापरतात," ती म्हणाली. "आम्ही गुडघ्याखालच्या अरुंद नळ्यांसाठी वेगळा करतोय. तो अजून माणसात घालायची परवानगी नाही. प्लास्टरच्या नळ्या भरपूर फोडून झाल्या, अप्पा. आता खरी कडक झालेली नळी हवी. तुमचा पाय तसाही…"

पुढे बोलायचं तिच्या जिवावर आलं. पण कॉटच्या पलीकडे अप्पाची थोरली बहीण लंकाबाई बसली होती, पिंपळगावहून आलेली; तिला न बोललेलंही कळलं.

"काय बोलती ही पोरगी? अंगाचा तुकडा परक्याला द्यायचा? आपल्या मळ्यात पुरू आपण. पुढल्या जन्मी लंगडा येशील केरू!"

"ह्या जन्मी झालोय ना आक्का, पुढचं पुढं बघू." अप्पा उठून बसला. "देतो. पन एक अट. फोडताना मी समोर पायजे आन बटन मीच दाबणार."

"अप्पा, तसं नियमात…"

"मग आक्काच्या मळ्यात जाऊ दे."

पल्लवीने वरिष्ठांना विचारलं, त्यांनी डोकं खाजवलं आणि अखेर हो म्हटलं. टेबलावरची चाचणी आहे, त्यात कुणाच्या जिवाला धोका नाही.

पाय गेला. नळी काढून पल्लवीच्या कंपनीत गोठवून ठेवली. आणि जखम भरत आली तशी दुसरी बातमी आली : उजव्या पायाची नळीही त्याच वाटेवर. डॉक्टर म्हणाले, पाय जिवंत आहे तोवर धक्क्याचा फुगा घालून उघडू. ही नळी अजून तेवढी अरुंद नाही, परवानगी असलेला फुगा जाईल, काळजी नको.

"फुगा?" अप्पा गरजला. "एका फुग्यानं एक पाय खाल्ला. आता दुसऱ्याला जेवायला बोलवू?"

"अहो, तो साधा होता, हा वेगळा," उज्वलाकाकू म्हणाल्या.

"फुगा तो फुगाच."

"बरं! दुसराही जाऊ द्या. मग भांडायला कुठं जाल? की लोकांनाच घरी बोलवू, रांगेनं?"

अप्पाला हे लागलं. पण तो सुडाच्या बाबतीत क्रम पाळणारा माणूस. "आधी त्या नळीला माझ्यासमोर फुटू दे. फुटली तर उजवा डॉक्टरच्या हवाली. नाय फुटली तर हा पाय जाईल तसा जाऊ दे, मी सही करणार नाय."

काकूंनी हात जोडले ते देवाला की पल्लवीला, ते त्यांनाच ठाऊक.

अंबडच्या त्या खोलीत व्हीलचेअरवरून अप्पाला नेलं. पारदर्शक पेटीत कोमट खारट पाणी आणि त्यात दोन चिमट्यांत धरलेली एक पांढुरकी दोरी. अप्पाने चष्मा पुसला.

"हे? एवढंसं?" तो पेटीवर वाकला. "ह्या गांडुळानं माझा पाय नेला?"

पल्लवीने चिमट्याने दोरीवर टिचकी मारली. अंड्याच्या कवचावर मारल्यासारखा टक्क आवाज आला. अप्पाने दात खाल्ले.

फुगा आत गेला. समोरच्या पडद्यावर त्याची सावली दिसली, मधोमध आवळलेली, लेंग्याची नाडी बांधावी तशी. ती आवळण म्हणजे चुन्याची गाठ. अप्पाने बटण दाबलं. टक, टक, टक. एवढासा आवाज, जणू पाल चुकचुकतेय. जन्मभर रिव्हेटचा कानठळ्या बसवणारा ठोका ऐकलेल्या माणसाला हा अपमान वाटला.

धक्के थांबले. आवळण तशीच.

काकूंनी पदर तोंडाशी नेला.

"हसतीये ती मला," अप्पा म्हणाला. "चला घरी. उजव्याचं ठरलं."

"थांबा हो!" पल्लवीने पडद्यावर बोट ठेवलं. "ठिणगी पडते ती जागा गाठीच्या अलीकडे राहिलीय. धक्का तिला अर्धवट लागतोय. फुगा रिकामा करून पुढे सरकवते, ठिणगी बरोबर तिच्याखाली आणते. चुकलं माझं. पण नळी जिंकली नाहीये अजून."

शेवटचं वाक्य नीट लागू पडलं. अप्पाने व्हीलचेअरचा ब्रेक पुन्हा लावला.

तिने फुगा तसूभर सरकवला, पुन्हा भरला. अप्पाने अंगठा बटणावर ठेवला आणि शिव्या सुरू केल्या. टक. "हा माझ्या अंगठ्याचा!" टक. "हा बंद झालेल्या पायऱ्यांचा!" टक. "हा सुटलेल्या सायकलीचा, रांडेचे!" काकूंनी कानावर हात ठेवले, पल्लवी खाली मान घालून हसू दाबत होती. आणि पडद्यावर आवळण सैल पडली. आधी एक बाजू, मग दुसरी. फुगा सरळ झाला, लाटण्यासारखा.

अप्पा दाबतच राहिला. यंत्र आपोआप थांबलं.

"अजून!"

"झाले अप्पा ह्याचे धक्के. ठिणगीची टोकं झिजतात, म्हणून ठरावीक धक्क्यांनंतर ते बंद होतं."

तिने आतून चित्र घेणारी बारीक तार फिरवली. चुन्यात भेगा पडल्या होत्या, आटल्या तळ्यात पडतात तशा. बाहेरची मऊ भिंत जशीच्या तशी. मग तिने एका टोकाने पाणी सोडलं. दुसऱ्या टोकाने धार आली, चांगली भरघोस.

अप्पा त्या धारेकडे बघत राहिला.

"आधी एवढं सोडलं असतंस," तो नळीला म्हणाला, "तर काय बिघडलं असतं तुझं?"

काकूंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तो त्याने दोन श्वास राहू दिला. मग झटकला, उजव्या मांडीवर सणसणीत थाप मारली आणि खिशातून फोन काढला.

"डॉक्टर, केरू बोलतोय. उजवा घ्या. आज घ्या… मग उद्या सकाळी. आन ऐका, भूल नाय पायजे."

काकूंनी फोन हिसकावला, "त्यांचं मनावर घेऊ नका हो," म्हणत तारीख विचारायला लागल्या. मागून अप्पा ओरडतच होता, की पडदा माझ्याकडं वळवून ठेवा म्हणावं, ह्याही नळीचा जीव जाताना मला डोळ्यांनी बघायचाय.