नऊ नंबरचा दगड

आमच्या दाजींइतकी चाकरी जगात कुणी कुणाची केली नसेल, आणि तीही अशा एका पुलाची, जो नव्हताच. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेचे यजमान. नगर शहराच्या कडेला, सीना नदीच्या अलीकडे आमची वस्ती आहे. पलीकडे शहर, बाजार, दवाखाना, सगळं. मध्ये पात्रातून जायला बांधलेली एक बुटकी फरशी. पावसाळ्यात फरशीवरून पाणी गेलं की आम्ही चार मैलांचा वळसा घालून शहरात जायचो. लग्न होऊन मी या वस्तीत आले तेव्हापासून "पूल होणार" हे ऐकत आले. बाकीच्यांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. दाजींनी ते ऐकलं आणि त्याच्या भरवशावर घर बांधलं.

हे मी उगीच म्हणत नाही. त्यांनी घराचं तोंड नदीकडे केलं, कारण पुलाचा रस्ता तिकडून येणार होता, आणि होता तो रस्ता घराच्या पाठीला टाकला. त्यामुळे वीसेक वर्षं त्यांच्याकडे येणारा प्रत्येक माणूस मोरीजवळून, खरकट्या भांड्यांवरून टांग टाकून, चुलीला वळसा घालून बैठकीत गेला. पुढचं दार सागवानी, पितळी कड्यांचं. ते उघडलं की समोर वेड्या बाभळी. अक्का, म्हणजे माझी नणंद, म्हणायची, "आमच्याकडं पाव्हना आधी माझी खरकटी बघतो, मग मला, आन् सगळ्यात शेवटी मालकाला." दाजी चिडत नसत. म्हणत, "पूल झाल्यावर ह्याच पाव्हन्यांला मोरी हुडकावी लागंल."

त्यांच्या बोलण्यात पूल कधीच बांधून झाला होता. कुणी पत्ता विचारला की "पुलावरनं उतरलं की डाव्या हाताला." धाकट्या लेकीच्या लग्नपत्रिकेवर त्यांनी चक्क छापून घेतलं, "नवीन पुलाशेजारी." नवरदेव कोल्हारचा. वऱ्हाडाचे दोन टेम्पो शहरातले सगळे पूल पालथे घालून आले, रेल्वेचासुद्धा. तोवर मुहूर्त टळला, भात गार झाला, भटजी दुसऱ्या लग्नाला जायची घाई करू लागले. व्याही उतरले ते तोंड लाल करूनच. "कुठंय हो तुमचा पूल?" दाजींनी त्यांना हाताला धरून काठावर नेलं आणि हवेत बोट फिरवून दाखवलं. "हितनं सुरू. पल्याड त्या चिंचेपाशी उतरनार. मधी पाच खांब." व्याही भला माणूस. बराच वेळ हवेकडे बघत राहिला आणि म्हणाला, "रुंद काढलाय." तेव्हापासून त्या दोघांचं फार जमलं.

या पुलाचं भूमिपूजन चार वेळा झालं. मांडव, हार, भाषण, नारळ, आणि चारी वेळा दाजी इस्त्रीची टोपी घालून पहिल्या रांगेत. मी दुसऱ्या वेळेपासून गेले नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई आहे, पण एकाच खड्ड्याची किती वेळा पूजा झाली एवढं मला मोजता येतं. पुढाऱ्यांच्या गाड्या गेल्या, मांडववाला खुर्च्या घेऊन गेला, की दाजी मागे राहायचे आणि कुदळीनं उकरलेला तो हातभर खड्डा बुजवून टाकायचे. "जित्राबाचा पाय मोडंल." म्हणजे खरं बघितलं तर इतक्या वर्षांत त्या पुलावर जे काही काम झालं, ते एकट्या दाजींनीच केलं.

मधे एकदा मोजणीवाले आले आणि आमच्या काठाला अकरा दगड रोवून गेले. काळे, घडीव, डोक्यावर सपाट, अंगावर तांबड्या रंगात आकडा. तो दिवस दाजींना लेकीच्या लग्नापेक्षा मोठा वाटला असावा. त्यांनी त्या दगडांची जबाबदारी घेतली. कुणी दिली नव्हती, त्यांनी घेतली. रोज सकाळी चहा पिऊन पहिल्यापासून अकराव्यापर्यंत चक्कर. दर दिवाळीला चुना आणि नवा आकडा. दगडाला शेळी बांधलेली दिसली की शेळी सोडून मालकाच्या दारात नेऊन पोचवायचे आणि "सरकारी खूण हाय, खुंटी न्हाई," म्हणून सांगून यायचे. घरी आले की अक्काला वर्दी द्यायचे, "चार नंबर जरा कललाय." अक्का भाकरी थापता थापता म्हणायची, "मी बी कललेय, मला बघा की कवातरी." फार डोकं उठलं की म्हणायची, "एक दिवस सगळे दगड नदीत नेऊन टाकते." ती बोलायची फक्त. पाठीमागे दगडांभोवतीचं गवत तीच काढायची. मी डोळ्यांनी बघितलं आहे.

आता माझं सांगते. आमचं घर त्यांच्या घरापासून दोन वावरं सोडून. सहा वर्षांपूर्वी मी न्हाणीघर बांधायला काढलं, तर दाजी येऊन म्हणाले, "वैनी, हितं नका बांधू. पुलाच्या रस्त्यात जाईल." मला राग आला. त्यांच्या पुलापायी मी काय जन्मभर आडोशाला साडी बांधून अंघोळ करायची? मी न्हाणीघर बांधलं. आत कपडे धुवायला एक चांगला दगड हवा होता. दाजी चार दिवस लेकीकडे कोल्हारला गेले होते. भर दुपारी मी आमच्या मालकांना पहार घेऊन यायला सांगितलं. मालक म्हणाले, "दाजी बोंबलतील." मी म्हटलं, "बोंबलू द्या. पूल होनार न्हाई आन् मी उघड्यावर न्हानार न्हाई." जवळचा होता म्हणून नऊ नंबर उपटला, गडगडत आणला आणि आकडा खाली करून न्हाणीत बसवला. त्या दगडावर मी सहा वर्षं लुगडी आपटली. दगड उत्तम आहे. माझ्याविषयी तसं म्हणता येत नाही.

दाजी कोल्हारहून आले आणि नऊ नंबरच्या जागी खड्डा. आठवडाभर त्यांनी हुडकलं. लांब बांबू घेऊन गुडघाभर पाण्यात नदीचा तळ ढोसत उभे असायचे, लोक काठावरून विचारायचे, "दाजी, मासा गावला का?" मी सुद्धा विचारलं, सगळ्यांबरोबर. बांबू घेऊन नदीतच का उतरले ते मला नंतर कळलं. त्यांच्या डोक्यात अक्काचं बोलणं बसलं होतं. त्यांनी ठरवूनच टाकलं की दगड अक्कानं नदीत टाकला.

अक्कानं नाही म्हटलं. ते म्हणाले, "तूच." ती रडली नाही, आमच्याकडे रडायची पद्धत नाही. तिनं मला हाक मारली. म्हणाली, "देवघरातला भंडारा आन, मी बेल-भंडार उचलते." आमच्यात बेल-भंडार उचलणं म्हणजे खंडोबाला साक्षी ठेवणं. त्यानंतर कुणी अविश्वास दाखवत नाही. भांडणाची जमीनसुद्धा त्यावर सुटते. ताट मी धरलं. ताटात भंडारा, त्यावर बेलाचं पान, माझे दोन्ही हात ताटाखाली. अक्कानं पान उचललं, कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाली, "मी दगडाला हात लावला असंल तर खंडोबा बघून घेईल." मी तोंड उघडलं असतं तर तिथंच संपलं असतं. मला वाटलं, नवरा-बायकोचं भांडण आहे, मिटेल. खोटं कशाला बोलू, तसंही वाटलं नाही. दगड सापडला तर दाजी न्हाणीघरही पाडायला लावतील, आणि मला ते वाचवायचं होतं. दाजी अक्काकडे बघून म्हणाले, "देवाला मधी कशाला घेती?" आणि उठून दगड बघायला गेले. राहिलेले दहा.

पुढे महिनाभर ते तिच्याशी बोलले नाहीत. बोलायचे ते माझ्यामार्फत. अक्का चुलीपुढे, दाजी उंबऱ्यात, मी मध्ये. "वैनी, हिला सांगा, च्यात साखर कमी हाय." "सांग त्यांला, साखर नदीत टाकली." मला हसू यायचं, आणि मी साखर आणायला उठायचे. महिन्यानं बोलायला लागले, पण दाजींनी तो विषय सोडला नाही. घरातली कात्री सापडेना, की "नदीत बघ." पाहुण्यांसमोर, हसत हसत. पाहुणेही हसायचे. अक्का सुरुवातीला म्हणायची, "मी न्हाई टाकला." नंतर नंतर तिनं म्हणणं सोडलं. दोन वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या आजारपणात मी तिचे पाय दाबत बसायचे, रोज ठरवायचे आज सांगते म्हणून, आणि पाय दाबून घरी यायचे. एकदा ती म्हणाली, "तू लई करतीस गं माझं." मी "असू द्या," म्हटलं.

यंदा दिवाळी झाली आणि पूल सुरू झाला. नारळ नाही, मांडव नाही, नुसत्या गाड्या येऊन उभ्या राहिल्या, म्हणून आम्हाला आधी खरंच वाटेना. एक तरणी इंजिनियर बाई होती, डोक्याला पिवळं हेल्मेट. दाजी ऐंशीच्या घरातले, पण सकाळी सातला इस्त्रीच्या टोपीत हजर. सगळी वस्ती बघायला आलेली. दाजी त्या बाईला एकेका दगडापाशी घेऊन गेले, जसं पाहुण्यांना नातवंडं दाखवावीत. बाई गोड होती. म्हणाली, "आजोबा, आता दगड लागत नाहीत. हे मशीन जागा दाखवतं. पण किती छान जपलेत तुम्ही." दाजींना पहिलं वाक्य ऐकू गेलं की नाही, देव जाणे. ते आठव्या दगडापाशी थांबले, टोपी काढून हातात घेतली आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "म्याडम, एक कमी हाय. नऊ नंबर. आमच्या मंडळींनी रागाच्या भरात नदीत टाकला. आता त्या न्हाईत. त्यांच्या वतीनं मी माफी मागतो."

लोक हसले. कुणी तरी म्हणालं, "तुमच्या मंडळींनी बरं केलं, उरलेले पन टाकायचे व्हते." बाई गडबडून म्हणाली, "अहो काही हरकत नाही." मी गर्दीत होते, तोंडाला पदर लावून. तशीच माघारी फिरले. घरी आले, कपडे भिजवले, धुवायला बसले आणि हात पुढे जाईना. खिडकीतून बघते तर दाजी नऊ नंबरच्या जागी उभे. हात बाजूला, ताठ. बाईची माणसं त्यांना सावलीत चला म्हणत होती. ते म्हणत होते, "तुमची मोजनी होऊस्तवर हितं खूण पाहिजे." दगडाच्या जागी माणूस उभा राहिला होता, बायकोनं न केलेल्या गुन्ह्याची भरपाई म्हणून. दुपारपर्यंत ते तसेच उभे होते आणि दुपारपर्यंत मी खिडकीत. शेवटी ओल्या हातांनीच गेले.

"दाजी, घरी चला. नऊ नंबर माझ्या न्हानीत हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आकडा दिसतो का?"

"पालथा घातलाय."

"कवापासनं?"

"पहिल्यापासनं. अक्कांनी हात बी लावला नव्हता. मी नेला. ताट धरलं तवा मला ठाऊक होतं."

मला वाटलं ते शिव्या देतील. मी त्यासाठी तयार होऊन गेले होते, शिव्या मला पचतात. त्यांनी नुसती टोपी घातली आणि घराकडे चालू लागले, मी मागून. मोरीवरून, चुलीवरून, बैठकीत. भिंतीवर अक्काचा फोटो आहे, कुणाच्या तरी लग्नात काढलेला, डोळे बारीक करून हसणारी. दाजी त्याच्यासमोर उभे राहिले.

"मला नका सांगू. तिला सांगा."

मी फटकळ बाई. सासूला तोंडावर बोललेली, सरपंचाला बोललेली. त्या फोटोपुढे मी ओले हात पदराला पुसत राहिले. दाजी शेजारी उभे. पोरांकडून पाढे म्हणवून घेतात तसं हळूच म्हणाले, "म्हना."

"अक्का, दगड मी नेला."

"ऐकलंस का?" दाजी फोटोला म्हणाले. मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "मी बी लई बोललो तुला. साखरेपायी सुद्धा." तेवढ्यात बाहेर मोठं मशीन सुरू झालं. पहिल्या खांबासाठी जमिनीत भोक पाडणारं. वीस वर्षं ज्याची वाट बघितली तो आवाज. दाजींची मान आपोआप तिकडे वळली, मग ओशाळून परत फोटोकडे आली.

"जावा," मी म्हटलं. "मी हाय हितं."

ते गेले. दणक्यानं सगळं घर थरथरत होतं, मांडणीवरची भांडी वाजत होती, आणि खिळ्यावरचा अक्काचा फोटो हलून हलून तिरका होऊ लागला. मी दोन्ही हातांनी धरला. मशीन थांबेपर्यंत धरून उभी राहिले.