काकांनी पुढे ढकललेली परीक्षा

प्रिय ईशा आणि निखिल,

बालाघाटहून गोंदियाला जाणारी गाडी त्या काळी छोटी होती. डबे इतके अरुंद की समोरासमोर बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागत. त्या गाडीत मी माझी ट्रंक चढवली तेव्हा आमची निम्मी गल्ली फलाटावर उभी होती, आणि प्रत्येकाला सगळं माहीत करून घ्यायचं होतं. मी एकेकाला सांगत होते. मुलीकडे हैदराबादला चालले. तिची मोठी परीक्षा आहे. नात दीड वर्षांची आहे, जावई अमेरिकेत आहेत, परत कधी येईन ते ठरलेलं नाही. फ्लॅटचा नंबरसुद्धा सांगितला. विचारल्यावर न सांगणं आमच्याकडे उद्धटपणाचं समजतात.

गाडी हलली तेव्हा दिनकरभाऊजी खिडकीशी आले. तुमच्या आजोबांचे हे धाकटे भाऊ, तुमच्या आईचे काका. बैहरच्या तहसील कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि आजोबा गेल्यापासून दोन्ही घरांचा कारभार तेच पाहत. "वहिनी, इकडची फिकर करू नका," ते म्हणाले. "डाक मी पाहून घेईन."

डाक पाहणं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला हवं, कारण तुमच्या घरी प्रत्येकाचं पाकीट त्याच्या त्याच्या टेबलावर जातं. आमच्या घरी पत्र कुणाच्याही नावाचं असो, जो दारात भेटेल तो ते फोडायचा, मोठ्यानं वाचायचा आणि उत्तर द्यायचं असेल तर देऊनही टाकायचा. उत्तराखाली ज्याचं पत्र त्याचंच नाव घालायचं. यात लबाडी आहे असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. पत्र घराचं असे.

मग ईमेल आला. तुमची आई वैशाली इंजिनिअरिंगच्या सुट्टीत घरी आली होती, तेव्हा बस स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन तिनं आपलं खातं उघडलं. शेजारी खुर्चीवर काका बसले होते. पासवर्ड त्यांच्यादेखतच ठरला आणि संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांत सगळ्यांना पाठ झाला. ती नोकरीला गेल्यावर काका दर शनिवारी कॅफेत जाऊन खातं उघडत, छापील कागद घेऊन येत आणि चहाबरोबर मला वाचून दाखवत. नातेवाइकांना उत्तरंही तिकडूनच पाठवून देत. वैशूला हे ठाऊक होतं. तिला ते बरंच वाटे. तिचं रोजचं काम ऑफिसच्या ईमेलवर चाले. जुन्या खात्यात ती महिनोन् महिने डोकावत नसे.

हैदराबादला मी चौथ्या मजल्यावर राहू लागले. समोरच्या दारामागे कोण राहतं हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही वॉचमनकडून. बालाघाटला संध्याकाळी मी पायरीवर बसले की रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस काहीतरी बोलून जाई. इथे मी बाल्कनीत बसे आणि खाली फक्त गाड्यांची छपरं दिसत.

पण मला काम होतं. वैशूची परीक्षा माहितीच्या सुरक्षेची होती. कंपन्यांचे संगणक, त्यातली माणसांची माहिती, ती चोरांपासून कशी राखायची, याचं जगभर चालणारं प्रमाणपत्र. ते मिळालं की तिचं ऑफिस तिला अमेरिकेच्या शाखेत पाठवणार होतं. ती जागा दिवाळीपर्यंतच तिच्यासाठी राखून ठेवली होती. तुमचे बाबा तिकडे, ईशा, तू आणि आई इकडे, असं वर्ष उलटलं होतं. बाबा म्हणत, नोकरी सोडून ये. ती म्हणे, "मी येईन ती माझ्या कामानं येईन." मला तिचं म्हणणं पटलं होतं.

मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवलेली बाई. मी वेळापत्रक करून भिंतीवर लावलं. सकाळी ती पोळ्या लाटायची आणि मी ओट्याशेजारी उभी राहून त्या जाडजूड पुस्तकातले प्रश्न वाचायचे. शब्द सगळे मला येत होते. उत्तरांनी मात्र मी हबकून जाई. एक प्रश्न असा होता: तुम्ही ऑफिसचं दार उघडता, मागून दोन्ही हातांत खोकी घेतलेला अनोळखी माणूस येतो, तुम्ही काय कराल?

"दार धरून ठेवीन," मी म्हणाले.

"नाही आई. धरायचं नाही."

"हातात खोकी असताना?"

"खोकी म्हणूनच तर घेतो ना तो."

मी पुस्तक मिटलं. शिष्टाचार म्हणून जे मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवलं होतं, ते सारं त्या पुस्तकात धोक्यांच्या प्रकरणात होतं. मदत करणं, विश्वास टाकणं, विचारलेलं सांगणं. वैशू हसत होती. "आई, पूर्ण बालाघाट नापास होईल," ती म्हणाली. मी हसले नाही.

परीक्षेचा दिवस ठरला आणि त्याच दिवशी काकांच्या मुलाचा, सुधीरचा साखरपुडा बालाघाटजवळ लालबर्‍याला ठरला. काकांचा फोन आला. "वैशू, येऊन राह्यली ना वो? एकुलती एक बहीण तू त्याची."

"बघते काका, त्याच दिवशी परीक्षा आहे," ती म्हणाली. आमच्याकडे थोरांना सरळ 'नाही' कुणी म्हणत नाही.

"परीक्षेचं मी पाहतो," काका म्हणाले. ते थट्टा करताहेत असं आम्हा दोघींना वाटलं.

परीक्षा एका मोठ्या हॉटेलच्या हॉलमध्ये होती. मी ईशाला कडेवर घेऊन खाली सोफ्यावर बसले. सहा तास लागणार म्हणून मी खिचडीचा डबा नेला होता. दहा मिनिटांत वैशू परत आली. तिचा चेहरा मी आधी कधीच तसा पाहिला नव्हता.

"यादीत माझं नाव नाही," ती म्हणाली. "मीच तारीख पुढे ढकलून मागितली म्हणतात."

मी तिच्याबरोबर वर गेले. तिथल्या अधिकार्‍यानं एक छापील कागद पुढे केला. परीक्षेचा अर्ज वैशूनं आपल्या जुन्या खात्यावरून भरला होता; पत्र त्याच खात्यावरून आलेलं, खाली तिचं नाव. 'रिस्पेक्टफुली आय बेग टु स्टेट' अशी सुरुवात. पुढे, चुलत भावाचा साखरपुडा असून एकुलती एक बहीण म्हणून उपस्थिती अत्यावश्यक आहे, तरी मेहेरबान साहेबांनी सहानुभूतीपूर्वक विचार करावा. ही इंग्रजी मी चाळीस वर्षं घरात वाचत आले होते.

"हे तुम्ही लिहिलं?" त्यानं विचारलं.

नुकतीच, यादी पाहण्याआधी, तिनं त्याच टेबलावर परीक्षेच्या नियमांखाली सही केली होती की आपले पासवर्ड, आपली गुपितं आपण सांभाळतो. 'हो' म्हणाली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या काकांनी."

"तुमच्या काकांना तुमचा पासवर्ड माहीत आहे?"

"आमच्या घरी सगळ्यांना माहीत आहे."

त्यानं पेन खाली ठेवलं. थोडा वेळ तो आम्हा दोघींकडे आणि ईशाकडे आळीपाळीनं पाहत राहिला. मग म्हणाला, तारीख आता बदलणार नाही. पुढची परीक्षा चार महिन्यांनी. तोपर्यंत हा धडा पुन्हा वाचून या.

चार महिन्यांनी म्हणजे दिवाळीनंतर. ती जागा गेली.

घरी येऊन मी लालबर्‍याला सुधीरच्या मोबाइलवर फोन लावला. मागे बँड वाजत होता. भाऊजी ओरडून बोलत होते. "वहिनी, काहून नाही आल्या तुम्ही? सोयरे विचारून राह्यले."

"तारीख तुम्ही बदललीत?"

"हौ. मी तं कवाच लिवलं. साहेब भला माणूस हाय, लगेच मानला. त्याचा जबाबही आलता, पाह्यला नाही का वैशूनं? तिच्याच खात्यात तं पडला हाय."

मला रागावताच येईना. मी फोन वैशूच्या हातात दिला. तिनं कानाला लावला, बँड ऐकला आणि म्हणाली, "काका, सुधीरला आशीर्वाद सांगा." बस, तेवढंच.

त्या संध्याकाळी तिनं पासवर्ड बदलला. मी मागे उभी होते. नवा काय ठेवलास, मी सहज विचारलं.

"नाही आई, कुणालाच नाही."

"मलाही?"

"तुलाही नाही."

परीक्षा हुकल्याचा धक्का मी पचवला होता. हा मला पचेना. माझ्या मुलीनं माझ्या तोंडावर काही बंद केलं असं आयुष्यात प्रथमच घडत होतं, आणि तिचं काही चुकलेलंही नव्हतं.

पुढल्या शनिवारी कॅफेतून काकांचा फोन आला. "वैशू, काम्प्युटर मले घेऊनच नाही राह्यला वो. तीन खेप टाकलं."

तिनं सगळं सांगितलं. परीक्षा, जागा, बदललेला पासवर्ड, सगळं.

"मले असं असते हे मालूमच नव्हतं बाई," काका म्हणाले. "बरं केलं तू." आणि फोन ठेवला.

पुढले काही शनिवार फोन आला नाही. वैशूनं चार महिन्यांनी परीक्षा दिली, पास झाली. ऑफिसला तिच्यासाठी दुसरी जागा निघायला आणखी वर्ष लागलं. ईशा, तू बाबांना पाहिलंस ते थेट तिकडच्या विमानतळावर, आणि आधी रडलीस, मग ओळखलंस.

मी बालाघाटला परतले. तुम्ही दर वेळी विचारता की आजी, तू तिथे का राहतेस, तिथे काय आहे. म्हणून निकालानंतर, मी अजून हैदराबादलाच असताना आलेल्या एका फोनचं सांगते. भाऊजींनी कॅफेत जाऊन स्वतःचं खातं उघडलं होतं, स्वतःच्या नावाचं, पहिल्यांदाच. वैशूला फोन करून त्यांनी नवा पत्ता दिला आणि लगेच, कॅफेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पासवर्डही एकेक अक्षर फोडून सांगायला लागले. तुमची आई त्या दिवसांत रोज ऑफिसात पन्नास माणसांना हे करू नका म्हणून शिकवत होती. ती त्यांना थांबवेल म्हणून मी तिच्याकडे पाहत होते.

"काका, हा मला कशाला सांगता?" ती एवढंच म्हणाली.

"घरच्या माणसाले मालूम नको? लिवून घे."

तिनं शेवटच्या अक्षरापर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हौ काका, घेतलं."